ख्रिस्ती कादंबरी एजंटकडं पाठवायच्या आधी

मराठीत कादंबरी छापायची तर मधे कुणी लागत नाही. लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडं जातो, फार तर एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकाची चिठ्ठी सोबत नेतो. अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशनाचं तसं नाही. बेथनी हाउस, रेव्हेल, टिंडेल, थॉमस नेल्सन, झोन्डरव्हन ही तिथली मोठी नावं. अनोळखी लेखकानं परस्पर पाठवलेलं बाड ही मंडळी सहसा उघडतच नाहीत, ते एजंटमार्फत, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाला पुस्तक विकणाऱ्या मध्यस्थामार्फत, यावं लागतं. आणि एजंट एका वर्षात नवे लेखक घेतो ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मी जालन्यात शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ओळखीतून एक काम मिळालं. तिकडच्या एका एजंटबाईंकडं जे नमुने येतात त्यातले काही आधी मी वाचते, प्रत्येकावर दोन परिच्छेदांचं टिपण लिहिते, आणि पूर्ण हस्तलिखित मागवायचं की नाही ते बाई त्यावरून ठरवतात. हे कळल्यापासून आपल्या भागातली पोरंपोरी वह्या, पेन ड्राइव्ह घेऊन येतात. 2020 च्या जानेवारीत धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यानंतर तर ही ये-जा वाढलीच. अंबड, परभणी, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरची छावणी, सगळीकडून येतात. इंग्रजी बरं असतं, वाचनही असतं. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी.

साक्ष वेगळी, कादंबरी वेगळी

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, गोष्ट सांगायचा एक साचा लहानपणापासून कानावर पडतो, तो साक्षीचा. रविवारी उपासनेत कुणीतरी उठतं. दारूच्या आहारी गेलो होतो, बायको माहेरी निघून गेली, कर्ज झालं, मग एका रात्री प्रभूनं हाक मारली, आता घरात शांती आहे. पाच मिनिटांत संपतं. मंडळी मनापासून ‘आमेन’ म्हणते, कारण समोर उभा राहिलेला माणूस खरा आहे आणि त्याची बायको तिसऱ्या बाकावर बसलेली सगळ्यांना दिसते आहे. कादंबरीत तिसऱ्या बाकावर कुणी नसतं. तिथं त्या बायकोला तुम्हालाच उभं करावं लागतं, आणि ती परत का आली, कशाच्या भरवशावर आली, आल्यावर पहिल्या रात्री झोपली का, हे सगळं वाचकाला दाखवावं लागतं.

अंबडच्या एका तरुणानं मला त्याची कादंबरी दिली. नायक बियाणं कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. नोकरी जाते, बायकोच्या पोटात गाठ निघते, सावकार दारात येऊन बसतो. दोनशे पानं हाल चालतात. मग तो रात्रभर प्रार्थना करतो, सकाळी नोकरीचं पत्र येतं आणि डॉक्टर सांगतात, गाठ दिसत नाही. मी म्हटलं, यात काही घडत नाही. तो चिडला.

“बाई, एवढा मोठा चमत्कार दाखविला मी, अन् तुम्ही म्हणायलाव काहीच घडंना?”

“प्रार्थनेच्या आदल्या दिवशी त्यानं काय केलं?”

“काही नाही. घरी बसून व्हता.”

“त्याच्या आदल्या दिवशी?”

मग तो गप्प झाला आणि आम्ही कामाला लागलो.

चमत्कार लिहू नका असं कुणी म्हणत नाही. हे वाचक चमत्कारावर विश्वास ठेवणारेच आहेत. पण आमच्या एजंटबाई कुठलंही हस्तलिखित हातात घेतलं की एक जागा शोधतात: पात्रापुढं दोन वाटा आहेत, दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि विश्वासाची वाट जास्त महाग पडणार आहे. त्या ड्रायव्हरला जुन्या मालकानं सांगितलं असतं की गोदामातला बनावट बियाणांचा माल एकदा जालन्याहून सिल्लोडला नेऊन टाक, बायकोच्या ऑपरेशनचे पैसे देतो, तर? आता तो जी प्रार्थना करील ती वाचायला मी रात्री दोनपर्यंत जागीन. ती ऐकली गेली की नाही हा नंतरचा भाग.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. हस्तलिखितातले प्रार्थनेचे, वचनांचे, उपासनेचे सगळे प्रसंग पेन्सिलीनं खोडा. बाकीच्या घटना जशाच्या तशा घडत राहिल्या तर विश्वास कथेत नाहीच, तो वरून चिकटवलेला आहे. उलट, खोडल्यावर सगळंच कोसळलं, म्हणजे प्रार्थनेशिवाय दुसऱ्या कशानंही काही हलतच नसेल, तर ती साक्ष आहे. ती मंडळीत सांगा, तिथं तिचं मोल मोठं आहे. एजंटला हवं असलेलं पुस्तक या दोन्हींच्या मधे कुठंतरी असतं.

उपदेश कमी करा म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात, जणू मी विश्वासच कमी करायला सांगितला. त्यांना मी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय काढायला लावते. दावीद राजानं पाप केलंय, आणि नाथान संदेष्ट्याला ते त्याच्या तोंडावर सांगायचंय. नाथान प्रवचन करत नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती, त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची, आणि एका श्रीमंतानं ती पाहुण्यासाठी कापली, एवढी गोष्ट सांगतो. राजा भडकतो, त्या श्रीमंताला मेलंच पाहिजे म्हणतो. तेव्हा कुठं नाथान म्हणतो, तो माणूस तूच. क्रम बघा: आधी मेंढी, मग राग, आणि बोट दाखवणं सगळ्यात शेवटी. आपल्या हस्तलिखितांत पहिल्याच पानावर बोट दाखवलेलं असतं आणि मेंढी कुठं दिसतच नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा शेवटही पुन्हा वाचा. धाकटा घरी आला, मेजवानी सुरू झाली, थोरला रुसून बाहेर उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालतो आहे. थोरला आत गेला का? सांगितलेलंच नाही. आणि एस्तेरच्या पुस्तकात तर देवाचं नाव एकदाही येत नाही. बायबलला एवढी मोकळीक चालते, मग तुमच्या चोविसाव्या प्रकरणात पाळकसाहेबांनी चार पानं बोलून सगळं समजावलंच पाहिजे असं का?

शेजारी

याबद्दल मी जरा कडक आहे. येणाऱ्या हस्तलिखितांत ख्रिस्ती पात्रं गोरीगोमटी, शांत, क्षमाशील, आणि गावातले बाकी सगळे दुष्ट किंवा अंधारात चाचपडणारे असतात. काहींना वाटतं, अमेरिकी वाचकाला हेच हवंय. आमच्या बाईंना तरी नकोय. असं पुस्तक त्या तिसऱ्या पानावर मिटतात, कारण खलनायक कागदी असला की नायकही कागदी होतो, आणि मग विश्वासाची परीक्षा घ्यायला कुणी उरतच नाही.

आणि ते खोटंही आहे. आपण वाढलो कुठं? पैठणच्या नाथषष्ठीला जाणाऱ्या दिंडीला पाणी देणाऱ्या घरांत, खुलताबादच्या उरुसाची मिठाई खात. आपल्या उपासनेत आपण नारायण वामन टिळकांचे अभंग टाळ वाजवून म्हणतो. हे ज्याला माहीत आहे त्यानं शेजारच्या हिंदू काकूला अंधार म्हणून रंगवू नये. त्याच काकूनं आईच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवलेले असतात. मंडळीतला भांडकुदळ खजिनदार आणि गावातला सज्जन सरपंच, दोघं एका पुस्तकात येऊ द्या. तुमच्या नायिकेला खरी अडचण तेव्हा होईल.

पंथाचंही एक लक्षात ठेवा. वर सांगितलेल्या प्रकाशनसंस्था बहुतांशी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट वळणाच्या आहेत. जपमाळ, संतांची मध्यस्थी, मरियामातेची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असं कॅथलिक काही कथेच्या गाभ्याशी असेल तर तिथं ते बसणार नाही. त्यात कमीपणा काही नाही, पत्ता वेगळा, एवढंच. अशा पुस्तकासाठी सर्वसाधारण साहित्यिक कादंबऱ्या हाताळणारा एजंट शोधा.

बाकी पथ्यं बहुतेकांना माहीत असतात. शिव्या नाहीत, शयनगृहाचं दार बंद, रक्तपात रंगवून नाही. विषयांवर मात्र तेवढी बंदी नाही. व्यसन, मारहाण, बलात्कारातून सावरणं, मंडळीतलं ढोंग, संशय, यांवरची पुस्तकं तिकडं निघतात. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेवर लिहायचंय का? लिहा. फक्त दुःखाचं प्रदर्शन मांडू नका.

कुठलं पुस्तक

तिकडच्या बाजाराचे ठरलेले खण आहेत. ऐतिहासिक प्रेमकथा, आजच्या काळातली कौटुंबिक कादंबरी, प्रेम आणि थरार मिळून, बायबलमधल्या पात्रांवरची, आणि आमिश लोकांवरची, म्हणजे आधुनिक सोयी टाळून जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथावरची. वाचक बहुतांशी बायका. आपल्याकडच्या कुणी आमिश कादंबरी लिहू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. बीडच्या एका मुलीनं लिहिली होती. पेनसिल्व्हेनियातलं शेत, घोडागाडी, बिनविजेचं घर, सगळं इंटरनेटवरून गोळा केलेलं आणि सगळं निर्जीव. सासूचा जाच तेवढा अस्सल बीडचा होता, आणि अख्ख्या पुस्तकात तेच एक प्रकरण श्वास घेत होतं. मी तिला म्हटलं, सासू ठेव, घोडा सोड.

आपल्याजवळ काय कमी आहे? जालन्याजवळचं बेथेल घ्या. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव, तेही निजामाच्या राज्यात. एका नव्या ख्रिस्ती कुटुंबाला तिथं घर मिळालं आणि म्हातारी आई मात्र जुन्या गावातून निघायलाच तयार नाही, एवढ्यावर ऐतिहासिक कादंबरी उभी राहते. 1972 चा दुष्काळ आहे, 1993 चा किल्लारीचा भूकंप आहे, 1948 च्या सप्टेंबरातले दिवस आहेत. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, बाबा पदमनजींची, आणि विषय विधवांचे हाल. आपल्या समाजानं गोष्ट लिहायला घेतली तीच मुळी जवळच्या, दुखऱ्या विषयापासून.

स्थानिक गोष्टी समजावत बसू नका, हेही सांगून ठेवते. ‘हुरडा, म्हणजे कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे, जो महाराष्ट्रात हिवाळ्यात खातात’ असं वाक्य आलं की ते माहितीपत्रक होतं. पोरं आगटीभोवती बसलीत, कणसं चोळताना तळहात काळे झालेत, दाणे गरम आहेत म्हणून फुंकताहेत, एवढं लिहिलंत की ओहायोतल्या बाईलाही कळतं.

पत्र

एजंटला आधी जातं ते एका पानाचं पत्र. इंग्रजीत तीनशे-चारशे शब्द. यावरच बहुतेकांचं काम संपतं, म्हणून इथं वेळ घाला.

पहिल्या परिच्छेदात पात्र, त्याला काय हवंय आणि आड काय येतंय. समजा तुमची कादंबरी अशी आहे:

‘2013 चा उन्हाळा. जालना जिल्ह्यातल्या एका गावात पाणी उरलंय ते फक्त मिशन कंपाउंडच्या विहिरीला. सुमन तिथल्या दवाखान्यात नर्स आहे आणि मंडळीच्या पंच कमिटीची खजिनदार. टँकरवाला रोज रोख मोजायला तयार आहे. त्या पैशात चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त होईल आणि सुमनच्या भावाचं कर्जही फिटेल. गावाला पाणी फुकट हवंय. याच गावानं सुमनच्या वडिलांना पुरायला जागा दिली नव्हती.’

पन्नासेक शब्द, पण पुढं काय होतं ते विचारावंसं वाटतं. यात विश्वास हा शब्द कुठं नाही, आणि तरी शत्रूवर प्रीती करण्याचा अख्खा प्रश्न त्या विहिरीत आहे. दुसऱ्या परिच्छेदात अडचण आणखी आवळा. शेवट पत्रात सांगू नका.

मग पुस्तकाची माहिती एका ओळीत: नाव, प्रकार, शब्दसंख्या, हस्तलिखित पूर्ण आहे. पूर्ण असलंच पाहिजे. पहिल्या कादंबरीच्या नुसत्या कल्पनेवर कुणी करार करत नाही. शब्दसंख्या साधारण 80 ते 100 हजार. लव्ह इन्स्पायर्डसारख्या छोट्या प्रेमकथांच्या मालिकेला 55 हजारांच्या आसपास. दोन लाख शब्दांचं बाड पाठवणाऱ्याला संपादन येत नाही असा अर्थ निघतो.

तुलनेसाठी दोन पुस्तकं द्यायची असतात, गेल्या तीन ते पाच वर्षांतली. म्हणजे दुकानात तुमचं पुस्तक कुठल्या पुस्तकांशेजारी ठेवायचं ते एजंटला कळतं. एका पाळकांच्या मुलानं तुलनेत बायबल दिलं होतं. नका देऊ. ख्रिस्ती कादंबऱ्यांना मिळणाऱ्या ख्रिस्टी पुरस्कारांच्या याद्या 2000 पासूनच्या मिळतात, त्यातली ताजी नावं घेऊन ई-बुक वाचा. वाचताना शेवटचं ऋणनिर्देशाचं पान चुकवू नका. लेखक तिथं आपल्या एजंटचे आभार मानतात. तुमच्यासारखं पुस्तक कोण विकतं याची सगळ्यात खरी यादी तीच.

शेवटी स्वतःबद्दल दोन-तीन वाक्यं. ‘ज्ञानोदय’मध्ये किंवा ‘निरोप्या’त कथा आल्या असतील तर लिहा, आणि एकेका वाक्यात सांगा की पहिलं मासिक 1842 पासूनचं आहे, दुसरं 1903 पासूनचं. तिकडच्या माणसाला हे माहीत नसतं, आणि एवढ्या जुन्या मासिकानं छापलं याचं वजन पडतं. दवाखान्यात वीस वर्षं नर्स होतात आणि नर्सवर लिहिलंय, तर ते आधी लिहा. संडे स्कूलचं बक्षीस नको.

आणि एक वाक्य कधीही नको: ‘हे पुस्तक लिहायला मला प्रभूनं सांगितलं.’ सांगितलं असेल, मी कोण नाही म्हणणार. पण ते वाचल्यावर बाईंच्या मनात वेगळाच प्रश्न येतो: उद्या संपादकानं सातवं प्रकरण काढा म्हटलं तर हा माणूस काढील का? ज्याच्या पुस्तकाला हात लावता येत नाही त्याच्याबरोबर काम करता येत नाही. एजंट एक पुस्तक घेत नाही, पुढच्या चार पुस्तकांचा माणूस घेतो. म्हणून फोनवर पहिल्या दहा मिनिटांतच विचारतात, पुढं काय लिहिताय? उत्तर तयार ठेवा. ‘अजून विचार केला नाही’ म्हणालात तर बोलणं तिथंच थंड पडतं.

सोबत काय

बहुतेकांना पहिली तीन प्रकरणं लागतात. पहिलीच; तुम्हाला आवडलेली तिसरी, नववी आणि सोळावी नव्हे. पहिली तीन पाठवायला संकोच वाटत असेल तर पुस्तक चौथ्या प्रकरणापासून सुरू होतंय, आधीची काढून टाका.

शिवाय एक-दोन पानांचा गोषवारा, आणि त्यात शेवट सांगायचाच. ‘पुढं काय होतं ते पुस्तकातच वाचा’ हे वाक्य मला किती वेळा दिसतं म्हणून सांगू! गोषवारा वाचकासाठी नसतो. शेवट लेखकाला पेलला का, हे बघायला एजंट तो मागवतो.

प्रत्येक एजन्सीच्या संकेतस्थळावर काय पाठवायचं, मेलच्या मजकुरातच चिकटवायचं की फाइल जोडायची, कुठला एजंट सध्या नवं घेतोय, हे लिहिलेलं असतं. ते अक्षरशः पाळा. नावाचं स्पेलिंग तपासा. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होणारी, पन्नास जणांना एकाच वेळी गेलेली मेल मी न वाचता बाजूला काढते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

इंस्टाग्रामवर किती लोक आहेत हे विचारतील. कथा-कादंबरी नसलेल्या पुस्तकांना त्याचं महत्त्व फार, कादंबरीला त्यामानानं कमी. रील बनवण्यात लिखाणाचे तास घालवू नका. वेळ असेल तर अमेरिकन ख्रिश्चन फिक्शन रायटर्स या संघटनेची माहिती काढा. त्यांची जेनेसिस ही स्पर्धा अप्रकाशित लेखकांसाठीच आहे आणि तिच्यातली नावं एजंट बघतात.

पैसे

आपल्याकडं आरटीओपासून सातबाऱ्यापर्यंत एजंटच्या हातावर आधी पैसे ठेवायची सवय आहे. इथं उलट आहे. साहित्यिक एजंट वाचायचे पैसे घेत नाही, नोंदणी फी घेत नाही, काही घेत नाही. पुस्तक विकलं तर प्रकाशकाकडून येणाऱ्या रकमेतून साधारण 15 टक्के, परदेशी हक्क विकले तर 20 टक्क्यांच्या आसपास. विकलं नाही तर त्याचे श्रम वाया. म्हणून तर तो एवढं पारखून घेतो.

जो आधी पैसे मागेल तो एजंट नाही. आजकाल खऱ्या एजन्सीचं नाव लावून मेल येतात: तुमचं पुस्तक आम्हाला फार आवडलं, अमुक प्रकाशक तयार आहे, फक्त संपादनाची फी भरा. तुम्ही काही पाठवलेलंच नाही तर त्यांना आवडलं कुठून? मेलचा पत्ता एजन्सीच्या मूळ संकेतस्थळाशी ताडून बघा. रायटर बिवेअर हे संकेतस्थळ अशा टोळ्यांची माहिती ठेवतं. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्सच्या सभासदांना आचारसंहिता असते, ती वाचून घ्या.

थांबणं

सहा ते बारा आठवडे. पुष्कळ ठिकाणी उत्तर नाही म्हणजे नकार, तसं संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. एकाच वेळी पाच-सात जणांना पाठवायला हरकत नाही, पत्रात तसं सांगा. नकारात एखादी खरी सूचना आली, म्हणजे ‘आमच्या यादीत बसत नाही’ याच्या पलीकडचं एखादं वाक्य, तर ते जपून ठेवा, लोक फुकट एवढं लिहीत नाहीत. त्याला वाद घालणारं उत्तर पाठवू नका. पाळकसाहेबांच्या शिफारशीचं पत्रही पाठवू नका, त्याचा उपयोग होत नाही.

एखाद्यानं होकार दिला तर लगेच हो म्हणू नका. बाकी ज्यांच्याकडं हस्तलिखित आहे त्यांना कळवा आणि दीड-दोन आठवडे मागून घ्या. हे तिकडं रीतीला धरून आहे. फोन ठरेल तो त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी किंवा रात्री; न्यूयॉर्क आपल्याहून उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागं आहे. प्रश्न कागदावर लिहून बसा. पुस्तकात काय बदल हवेत? कुठल्या प्रकाशकांना दाखवणार? नकार आले तर मला कळवणार का? करार मोडायचा झाला तर किती दिवसांची नोटीस? ती बहुधा 30 किंवा 60 दिवसांची असते, आणि नातं संपलं तरी त्यानं विकलेल्या पुस्तकावरचं कमिशन त्याला मिळत राहतं. मराठी अनुवादाचे हक्क स्वतःकडं ठेवता येतील का, हे आवर्जून विचारा. तिकडं त्या हक्कांना फारशी किंमत नसते म्हणून सोडतातही, आणि आपल्या मंडळीला पुस्तक वाचायला मिळायचं तर ते हक्क हातात हवेत. डब्ल्यू-एट बेन नावाचा कराचा फॉर्म येईल; तो भरला नाही तर 30 टक्के कर तिकडंच कापला जातो, भरला तर दोन देशांतल्या करारामुळं कपात कमी होते. पॅन क्रमांक जवळ ठेवा, आणि ओळखीच्या सीएला आधीच एकदा भेटून या.